खारीची धाकटी आणि अर्धं पान

सागाच्या एका जंगलात एक खार राहत असे, आणि मुलांना सुट्टी लागली की ती वैतागलेली असे. एरवी ती मोठी गुणाची होती. घर नीटनेटकं, शेपटी झाडलेली, पावसाळ्याची बेगमी वेळच्या वेळी. पण चैत्र आला, शाळा बंद झाली आणि तिची तिन्ही पोरं दिवसभर घरात धुडगूस घालू लागली की तिच्या कपाळावर एक आठी पडायची, ती मृग लागेपर्यंत हटायची नाही. बालमित्रांनो, हसू नका. तुमच्या आईच्या कपाळावरही ती आठी आहे. हवं तर आत्ता मान वर करून बघा आणि लगेच परत या, कारण गोष्ट अजून सुरूही झालेली नाही.

आधी त्या जंगलातल्या शाळेचं सांगायला हवं. तिथे सगळ्यांच्या पिल्लांना वाचायला शिकवत. साळिंदर आपल्याच अंगावरच्या काट्याने सागाच्या वाळक्या पानांवर गोष्टी कोरायचा, आणि शाळेच्या बाई त्या मुलांकडून वाचून घ्यायच्या. या बाई म्हणजे धनेश पक्ष्याची मादी. वाकडी मोठी चोच, करडा आवाज, आणि चूक झाली की मान तिरकी करून बघण्याची सवय. शाळा भरायची बेहड्याच्या झाडावर. त्याला दोन आडव्या फांद्या होत्या. अक्षरं गिरवणारी लहान पिल्लं खालच्या फांदीवर बसायची आणि गोष्टी वाचणारी वरच्या फांदीवर.

उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असे, कारण उन्हाळ्यात बाईच मिळत नसत. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. तिचे यजमान दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून तिला भरवतात. पिल्लं जरा मोठी झाली की ती लिंपण फोडून बाहेर येते. हे मी मनचं सांगत नाही, धनेश पक्षी खरोखरच असं करतात. शाळेचं तेवढं माझं.

आता खारूताईचं दुखणं. तिला तीन मुलं होती. थोरला आणि मधला वरच्या फांदीवर बसायचे. धाकटी मात्र खालच्या फांदीवर होती, आणि तीही दुसऱ्यांदा. आदल्या उन्हाळ्यात तिने पानाला हात लावला नव्हता. शाळा उघडली तेव्हा आधी येत होतं तेवढंही ती विसरून गेली होती. मग बाईंनी तिला पुन्हा खाली बसवलं. नुकते डोळे उघडलेल्या पिल्लांच्या रांगेत ती एकटी मोठी, शेपटी पोटाशी घेऊन वर्षभर बसली. घरी आल्यावर ती शाळेचं अवाक्षर काढत नसे. खारूताईला ते बघवत नसे.

या वर्षी ढोलीत शिरण्याआधी बाईंनी खारूताईला मुद्दाम बोलावून घेतलं. "खारूताई, आत्ता कुठे हिला थोडंथोडं वाचता यायला लागलंय. सुट्टीत वाचन सुटलं तर सगळं परत जाईल. तसं झालं तर मला हिला पुन्हा खालीच बसवावं लागेल. माझा इलाज नाही."

धाकटी शेजारीच उभी होती. तिने शेपटी तोंडावर ओढून घेतली.

खारूताईने साळिंदराकडून पानांचा मोठा भारा आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फर्मान काढलं, "बसा वाचायला!"

"आई, उजेड कमी आहे," थोरला म्हणाला.

तिने दारातली डहाळी बाजूला केली.

"आई, आता उजेड जास्त झाला," मधला म्हणाला.

"आई, याने माझ्या पानावर पाय ठेवला."

"आई, माझ्या पानाला मुंग्या लागल्यात."

"आई, वाचलं की मला तहान लागते."

तासाभरात खारूताईचा आवाज बसला आणि पोरं शेंड्यावर पळाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा संपला तेव्हा भाऱ्यातलं एकही पान पुरतं वाचून झालं नव्हतं. त्यात शेजारच्या झाडावर साळुंकी राहायची. ती खारूताईची दशा बघून गोड आवाजात म्हणाली, "आमच्या बाळाला नाही हो सांगावं लागत! डोळे उघडल्या उघडल्या पाच पानं वाचून मोकळा होतो. तुम्ही कधी येऊन बघाच."

खारूताई बघायला गेली. साळुंकीचा बाळ खरोखरच पान धरून घडाघडा म्हणत होता. एकही अडखळ नाही. फक्त पान उलटं होतं. साळुंक्यांना ऐकलेलं जसंच्या तसं म्हणता येतं, आणि त्याने मागच्या वर्षीचा धडा ऐकून पाठ केला होता. खारूताईने ते उलटं पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, बरं का! तिने तिथेच पोट धरून हसायला हवं होतं. पण नाही. ती घरी आली आणि पोरांना म्हणाली, "शेजारचा बाळ बघा जरा! शिका काहीतरी!" मोठ्या माणसांचं हे असं असतं. मला त्यांचा फार वैताग येतो.

मग तिने चारोळ्या काढल्या. खारी काही ना काही साठवून ठेवतातच, आणि खारूताईच्या कोठीत निवडक चारोळ्यांचा साठा होता. तिने जाहीर केलं, "एक पान वाचलं की एक चारोळी. वाचलेलं पान आणून या कोपऱ्यात ठेवायचं."

काय सांगू! दुसऱ्या दिवशी घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. थोरल्याने दुपारपर्यंत सात पानं आणून ठेवली. मधल्याने नऊ. खारूताईचा ऊर भरून आला. कोपऱ्यातला ढीग वाढू लागला आणि तो बघून तिला बेगमी भरल्याचं समाधान मिळू लागलं. खारच ती, साठा दिसला की खूश. कुणी पाहुणं आलं की पाणी विचारायच्या आधी ती ढीग दाखवायची. "एवढी वाचली हो मुलांनी! आणि अजून वैशाख सरायचाय."

पोरं वाचत होती का? छे! थोरला पान हातात घ्यायचा, वरून खालपर्यंत डोळे फिरवायचा, गंभीरपणे मान डोलवायचा आणि पान कोपऱ्यात टाकायचा. मधला त्याच्याहून हुशार. त्याच्या लक्षात आलं की एक पान दातांनी मधोमध तोडलं की त्याची दोन होतात आणि दोन पानांना दोन चारोळ्या मिळतात. दोघांचे गाल फुगलेले असायचे. खारूताईला वाटायचं, वाचनाने पोरांच्या तब्येती सुधारल्या.

धाकटीला मात्र हे जमेना. ती खरंच वाचायची. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत, मागे जाऊन पुन्हा पुढे येत. एका पानाला तिला दिवस पुरायचा नाही. एकदा ती पान घेऊन धावत आईकडे आली. "आई, आई, यातलं खवल्यामांजर आहे ना, ते घाबरलं की असं गोल..."

"गोष्टी सांगत बसू नकोस, आधी पान संपव," खारूताई म्हणाली. "दादांची किती झाली बघ. तुझं एकच चाललंय."

धाकटी परत जाऊन बसली. त्यानंतर ती त्या पानाकडे नुसती बघत राहायची. आठव्या दिवशी तिने पान दूर सारलं आणि सांगून टाकलं, "मला नाही वाचायचं. मला चारोळीपण नको."

खारूताईच्या डोळ्यांपुढे ती खालची फांदी उभी राहिली. दुःख झालं की काही जणांना रडू येतं, काहींना राग येतो. खारूताईला राग आला. "तुला पुन्हा तिथेच बसायचंय का? त्या तान्ह्या पिल्लांत? चल! आत्ताच्या आत्ता बाईंकडे चल!" एका हातात ते पान आणि दुसऱ्या हाताने धाकटीला धरून ती तरातरा निघाली.

ऊन रणरणत होतं. धनेशराव नुकतेच उंबरं भरवून उडून गेले होते. ढोलीच्या फटीतून बाईंची चोच तेवढी बाहेर दिसत होती.

"बाई, मी हरले," खारूताई धापा टाकत म्हणाली. "समजावून झालं, रागावून झालं, चारोळ्या देऊन झाल्या. दोघं भाऊ पानांमागून पानं वाचताहेत, आणि ही आठ दिवस एकाच पानावर बसलीय. आज तर म्हणते, वाचायचंच नाही."

चोच आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. "कुठलं पान?"

"अं?"

"पान कुठलं म्हणते मी. गोष्ट कसली आहे?"

घरात एवढा ढीग लावला होता, पण धाकटीच्या पानावर काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

"खवल्यामांजराची," धाकटी हळूच म्हणाली.

"बरं. मग काय करतं ते?"

"घाबरलं की अंग गोल करतं. एकदा ते डोंगरावर होतं. ढग गडगडला आणि ते घाबरून गोल झालं. आणि मग उतारावरून गडगडायलाच लागलं."

"अगं बाई! मग?"

"पुढचं मी वाचलं नाही."

"नाही वाचलंस? मग आत्ता वाच! छत्तीस दिवस झाले मला या अंधारात. उंबर खायचं, अंडी उबवायची, पुन्हा उंबर खायचं. आमच्या ह्यांना विचारावं जंगलात काय चाललंय, तर म्हणतात, 'काही विशेष नाही.' तू वाच."

धाकटीने आईकडे बघितलं, मग पान सरळ केलं. "ते... गड... गडगडत... खा..."

"खाली!" खारूताई ओरडली. "खाली आहे ते! नीट बघ ना!"

टक्क! चोच खोडावर आपटली. "खारूताई, गोष्ट मी ऐकतेय की तुम्ही?"

"पण बाई, ती अडखळतेय."

"अडखळू दे. मला कुठे जायचंय? मी इथे कोंडलेली आहे."

धाकटी पुढे वाचू लागली. एका शब्दावर ती फार वेळ थांबली. बाई थांबल्या. खारूताईची शेपटी ताडताड उडत होती, पण तिने तोंड दाबून धरलं. शेवटी धाकटी एकदम म्हणाली, "कड्यावरून! ते कड्यावरून खाली पडलं!"

"कड्यावरून? अरे देवा! मग?"

मग धाकटीने पुढची ओळ वाचली, आणि त्यानंतरची. पान संपलं तेव्हा खवल्यामांजर एका झुडपात अडकलं होतं आणि झुडूप मुळासकट सुटत चाललं होतं. बाईंनी तिला एकदाही शाबासकी दिली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "उद्या पुढचं पान घेऊन ये. उशीर करू नकोस."

खारूताईला यातलं काही कळलं का? मुळीच नाही. घरी परतताना ती म्हणते कशी, "केवढा वेळ लागला एका पानाला!" मला तर तिथल्या तिथे तिची शेपटी ओढावीशी वाटली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आपण होऊन भाऱ्याजवळ बसलेली दिसली. बाईंसमोर फार अडायला नको म्हणून ती पुढचं पान आधी एकदा आपल्याशीच वाचून बघत होती. दुपारी ती ढोलीकडे गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. गोष्ट लांबलचक होती, एकेका पानावर थोडी थोडी. मध्ये अंडी फुटली आणि ढोलीत आणखी तीन श्रोते आले. धाकटी वाचायला लागली की त्यांची चिवचिव थांबायची, असं बाई सांगत. आता फटीपाशी जायला ती आईची वाट बघत नसे.

असे पंधरा-वीस दिवस गेले. आता तिला पान आधी वाचून बघावं लागत नसे. एका दुपारी कोपऱ्यातल्या ढिगातून आणलेलं पुढचं पान तिने वाचलं, "उताराच्या तळाशी एक अस्वल झोपलं होतं. खवल्यामांजर गडगडत थेट त्याच्या पोटावर आदळलं, आणि अस्वलाने डोळे..."

"डोळे काय?"

"पुढे नाही, बाई. पान अर्धंच आहे. कुणीतरी दातांनी तोडलंय."

ढोलीत एक पिल्लू केविलवाणं चिवचिवलं.

"म्हणजे उघडले की नाही उघडले?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"हे बघ," बाईंचा आवाज करडा झाला, "मला असं अर्ध्यावर टांगून ठेवायचं नाही. उरलेलं अर्धं शोध आणि घेऊन ये."

धाकटी घरी आली ती रडतच. अर्धं पान पुढे करून तिने विचारलं, "हे कुणी तोडलं?"

मधला चाचरत म्हणाला, "मी. दोन पानांच्या दोन चारोळ्या मिळतात ना."

खारूताईने ऐकलं. तिचा चेहरा उतरला, पण अजून तिला थोडी आशा होती. "बरं, तोडलंस तर तोडलंस. वाचलंस तर होतंस ना? मग सांग तिला, अस्वलाने डोळे उघडले का?"

मधल्याने थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने छताकडे बघितलं.

"कुठलं अस्वल?" मधल्याने विचारलं.

खारूताई मटकन खाली बसली. कोपऱ्यात तिचा लाडका ढीग छताला टेकला होता. "एवढ्या चारोळ्या," ती पुटपुटली, "एवढ्या चारोळ्या मी दिल्या कशाला?"

थोरला पोरगा तसा खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "पानं संपवायला, आई. तू रोज तेच विचारायचीस, किती संपली म्हणून. आत काय आहे ते तू कधी विचारलंच नाहीस."

बालमित्रांनो, अशा वेळी आया काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. खारूताईनेही आवाज चढवायला तोंड उघडलं होतं. पण तिला दिसलं, धाकटी ढिगापाशी बसून एकेक पान उपसायला लागली आहे. नाक ओढत होती, डोळे पुसत होती आणि पानं बघत होती. "बाई वाट बघताहेत," ती म्हणाली. खारूताईने तोंड मिटलं आणि ती लेकीशेजारी जाऊन बसली.

शोधायचं कसं? साळिंदराला विचारावं, तर तो दिवसभर बिळात झोपलेला, आणि झोपमोड केली की अंगावरचे काटे फुलवायचा. मधल्याने आधी तुटलेल्या कडा जुळवून पाहिल्या. पण वाळकी पानं ती, कडा चुरून गेल्या होत्या, आणि अर्धी पानं तर ढिगात खंडीभर. वाचल्याशिवाय इलाजच नव्हता. चौघांनी ढिगाचे चार भाग केले.

खारूताई नुसतं अस्वल शोधायला बसली होती. तिच्या हातात पहिलं पान आलं ते खेकड्याच्या लग्नाचं. अस्वल काही त्यात नव्हतं. पण नवरदेव लग्नाला आडवा चालत निघाला आणि भलत्याच मांडवात पोचला, इथवर वाचल्यावर तिला ते खाली ठेववेना. ती फिसकन हसली.

"काय आहे गं? दाखव ना," थोरला म्हणाला.

"थांब जरा."

तो तिच्या खांद्यावरून वाचू लागला. तिकडे मधला स्वतःशीच "अरे बापरे" म्हणाला आणि त्याने पान आणखी जवळ धरलं. ऊन कललं, सावल्या लांब झाल्या. खारूताईच्या घरात जेवायची वेळ कधी चुकत नसे, ती त्या दिवशी चुकली.

"आई, भूक लागली," मधला म्हणाला.

"हो रे, हे एवढं पान होऊ दे," खारूताई म्हणाली, आणि कुणाकडे न बघता वाचत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला ओरडला, "सापडलं! अस्वलाने डोळे उघडलेच..."

"सांगू नकोस!" धाकटी त्याच्या अंगावर धावून गेली. "मला वाचायचंय! मला दे!"

तिने ते अर्धं पान त्याच्या हातून हिसकावून घेतलं. खारूताई बघत राहिली. पान वाचण्यासाठी आपल्या घरात भांडण झालं, हे तिला खरंच वाटेना.

त्या दुपारी सगळं कुटुंब ढोलीपाशी गेलं. धाकटीने वाचलं, "अस्वलाने डोळे उघडलेच नाहीत. झोपेतच त्याने ते गोल गरगरीत पोटाशी धरलं आणि कूस बदलली. सकाळी अस्वल शिंकलं, तेव्हा कुठे खवल्यामांजर सुटलं आणि अंग न उलगडताच घरी गेलं." बाई आतमध्ये इतक्या हसल्या की लिंपणाला चीर गेली. धनेशराव उंबर घेऊन आले होते, ते चिखल आणायला परत फिरले.

उन्हाळा सरला. मृगात बाई लिंपण फोडून बाहेर आल्या. अंग आखडलेलं, पिसं चुरगळलेली, पण आवाज तोच करडा. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी बेहड्याखाली एकेका मुलाला बोलावलं आणि कुणी न पाहिलेलं एक नवं पान वाचायला दिलं. ज्याला वाचता येईल तो वर, ज्याला येणार नाही तो खाली. साळुंकीचा बाळ ऐटीत आला, मागच्या वर्षीचा धडा घडाघडा म्हणाला, आणि बाईंनी त्याच्या हातातलं पान सुलटं केल्यावर गप्प झाला. त्याला खाली बसवलं.

धाकटीचा नंबर लागला. ढोलीत हसणाऱ्या बाई त्या दिवशी कुठे गेल्या होत्या कोण जाणे. समोर होत्या त्या शाळेच्या बाई, मान तिरकी करून बघणाऱ्या. त्यांनी एकदाही "मग?" म्हटलं नाही. पान मुंगसाचं होतं. धाकटी वाचू लागली. एका जागी अडली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. दुसऱ्यांदा अडली. बाजूला उभ्या असलेल्या खारूताईने स्वतःची शेपटी दातांत धरली होती. तिसऱ्यांदा अडली तेव्हा तो शब्द काही केल्या तिला लागेना. "हा मला येत नाही," असं सांगून ती पुढची ओळ वाचू लागली. पान संपलं.

"तीनदा अडलीस," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"एक शब्द सोडलास."

"हो, बाई."

खारूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा ती खालची फांदी, पुन्हा ते वर्ष. आपणच पोरीचं नुकसान केलं, असं तिला वाटलं.

धाकटीने पान उलटून मागची बाजू पाहिली. मागे काहीच नव्हतं. तिने बाईंच्या पायांजवळ वाकून पाहिलं. तिथेही नव्हतं. मग तिने विचारलं, "बाई, पुढचं पान कुठे आहे?"

"कशाला?"

"मुंगूस बिळात शिरलं ना, आणि आत आधीच कुणीतरी होतं. कोण होतं ते?"

बाईंनी मान सरळ केली. "सकाळपासून एकवीस जणांनी हे पान वाचलं. कितीतरी जण न अडता वाचून गेले. पुढचं पान एकानेही मागितलं नाही." मग त्यांनी आपली मोठी चोच वर उचलली. "पुढचं पान वरच्या फांदीवर ठेवलंय. जा, घे."

धाकटी सरसर वर चढली. खालच्या फांदीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खारूताईने हाक मारायला तोंड उघडलं. तो सुटलेला शब्द आधी बघून घे, नीट सावकाश वाच, असं बरंच काही तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि खालून विचारलं, "कोण होतं गं बिळात?"

वरून बराच वेळ उत्तर आलं नाही. धाकटी वाचत होती. खारूताई गप्प बसून वाट बघत राहिली.

तात्पर्य : सुट्टीत मुलांनी किती पानं संपवली ते मोजत बसू नये; गोष्टीत पुढे काय झालं ते विचारावं, आणि ती सांगेपर्यंत मोठ्यांनी कृपा करून गप्प बसावं.